तिश्का घाटाने टाळलेली गढी

मराकेश ते वारझाझात हा रस्ता साधारण 200 किलोमीटरचा. त्यातली सुरुवातीची सपाटी आणि वळणावळणाची चढण यांवर प्रवासवर्णनकारांनी भरपूर लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. 2,260 मीटर उंचीची तिझी-न-तिश्का खिंड ओलांडली की थोड्याच अंतरावर डावीकडे एक चिंचोळा फाटा फुटतो. बहुतेक गाड्या सरळ निघून जातात. फाट्याने वीसेक किलोमीटर गेलं की तेलुएत. माझं कुतूहल कित्येक वर्षं इथेच अडकून पडलंय. दक्षिण मोरोक्कोवर हुकमत गाजवणाऱ्या ग्लावी घराण्याची ही मूळ गढी हमरस्त्यावर का नाही?

ग्लावींची सुरस कथा 1893 च्या हिवाळ्यात सुरू होते. ताफिलालतची मोहीम आटोपून परतणारा सुलतान मौले हसन ॲटलासच्या बर्फात सापडला. फौज उपाशी, जनावरं मरत होती. तेलुएतच्या मदनी अल-ग्लावीने सगळ्या लवाजम्याला आसरा आणि अन्न दिलं. खूश होऊन सुलतानाने त्याला अधिकार दिले आणि 77 मिलिमीटरची एक क्रुप तोफही दिली. पुढच्याच वर्षी सुलतान वारला. मदनीने त्या तोफेच्या जोरावर शेजारच्या टोळ्या वाकवल्या.

गॅव्हिन मॅक्सवेलने 1966 च्या ‘लॉर्ड्स ऑफ द ॲटलास’मध्ये ही कथा मोठ्या रंगतीने सांगितली आहे. हा तोच पाणमांजरांवरच्या पुस्तकामुळे गाजलेला मॅक्सवेल. मला मात्र तोफेचं एवढं कौतुक पटत नाही. तोफेच्या आधीपासून ग्लावींकडे दोन गोष्टी होत्या: तेलुएतजवळची मिठाची खाण, आणि सहारातून मराकेशला येणाऱ्या तांड्यांची खिंड. जुनी वाट तिश्कावरून नव्हे, तेलुएतवरून जात असे. मीठ आणि जकात ज्याच्या हाती, त्याच्याकडे फौजेला जेवू घालण्याइतकं धान्य असतंच.

1912 मध्ये फ्रेंच आले. रेसिडेंट-जनरल ल्योतेने हिशेब सोपा केला: खिंडी ज्यांच्या ताब्यात, त्या कायदांनाच, म्हणजे स्थानिक टोळीप्रमुखांनाच, हाताशी धरायचं. मदनीचा धाकटा भाऊ थामी मराकेशचा पाशा होऊन बसला. चर्चिलशी त्याची मैत्री होती आणि 1953 च्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाला तो लंडनला गेला होता. त्याच्यावर हवं तेवढं वाचायला मिळतं. मला रस आहे तो हम्मूत.

हम्मू मदनीचा जावई आणि तेलुएतचा कायद. क्रूर म्हणून बदनाम, आणि ती बदनामी खोटी नसावी. पण फ्रेंचांचा त्याला मनापासून तिटकारा होता. मराकेशमध्ये पाशा ज्यांच्या मेजवान्या झोडत होता, त्यांना तेलुएतमध्ये हम्मू पाऊल ठेवू देत नव्हता. दक्षिणेकडे लष्करी रस्ता तर हवा होता. तेव्हा फ्रेंचांनी त्याच्याशी भांडत बसण्याऐवजी शेजारच्या तिश्का खिंडीतून डोंगर फोडला. हम्मू 1934 मध्ये मेला. रस्ता 1936 मध्ये पुरा झाला, पण तेलुएतला वळसा घालून. घराण्यातल्या ज्या एका माणसाने परक्यांना दार बंद केलं, त्यानेच घराच्या दारातली वाट घालवली.

थामीला हे जाणवलं नसावं. वाट गेलेल्या गढीतही त्याने रंगीत लाकडी छतं, चकचकीत फरशांच्या भिंती उभ्या केल्या. 1953 मध्ये सुलतान मोहम्मद पाचवा यांना पदच्युत करण्यात त्याने पुढाकार घेतला. दोनच वर्षांनी ते परतायला निघाले, तेव्हा त्याने त्यांच्या पायाशी लोळण घेतली आणि जानेवारी 1956 मध्ये तो वारला. मार्चमध्ये देश स्वतंत्र झाला, ग्लावींची मालमत्ता जप्त झाली. मातीच्या भिंतींना दरसाल लिंपण लागतं. ते थांबलं, तशी गढी खचत गेली. सप्टेंबर 2023 च्या भूकंपाने तिची आणखी पडझड केली.

तिकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: तेलुएत पाहून आल्या वाटेने हमरस्त्यावर परतू नका. तसेच पुढे उनीला नदीच्या खोऱ्यातून ऐत बेन हद्दूपर्यंत उतरा. तांड्यांची जुनी वाट हीच होती, आणि आता ती डांबरी आहे.