उत्तम राखलेली जग्वार : वसईच्या हवेत जुनी गाडी घेताना

‘उत्तम राखलेली, एकाच घरात वापरलेली, इंग्लंडची बनावट’ अशी जाहिरात वाचली की डोळ्यांपुढे अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड आणि कातडी आसने उभी राहतात. जग्वारची ‘मार्क २’ ही अशा गाड्यांतली नमुनेदार. १९५९ साली ती बाजारात आली; २.४, ३.४ आणि ३.८ लिटर अशी तीन इंजिने, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. ३.८ लिटरची गाडी ताशी २०० किलोमीटरपर्यंत जाई. विरार फाट्यावरच्या वाहतुकीत हा आकडा विनोदीच वाटेल. पण विकणारा तो सांगतोच.

गाडीचे खरे वय मात्र डॅशबोर्डवर दिसत नाही, ते तळाशी असते. जग्वारच्याच ‘मार्क ९’ला स्वतंत्र चेसिस होती, वरचा पत्रा सडला तरी खालचा सांगाडा टिके. ‘मार्क २’ला वेगळी चेसिस नाही. दाराखालच्या लांब पोकळ पेट्या, फरशी आणि छत एकमेकांना जोडून गाडीचा भार पेलतात. म्हणजे त्या पेट्या गंजल्या की गाडीचा कणाच गंजला.

वसईत हा प्रश्न अधिक टोकाचा होतो. एका बाजूला समुद्र, उत्तर-दक्षिणेला खाड्या, मध्ये मिठागरे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही पोकळ पेटीतला पत्रा आतून ओलाच राहतो. पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजतात. २०१८च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरले तेव्हा तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्यांचे काय झाले असेल, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे. प्रेमापोटी घातलेले प्लॅस्टिकचे घट्ट आच्छादनही घातकच, कारण आतला दमटपणा आतच कोंडतो. माझ्या मते हवेशीर पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभी असलेली गाडी झाकून ठेवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा बरी.

तपासणी साधी आहे. कापडात गुंडाळलेले छोटे चुंबक दाराखालच्या भागावर फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी भरलेली असते. मग जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बसतात तो भाग आणि पुढचा आडवा तुळईसारखा भाग पाहावा. तळाला नुकतेच जाड डांबरी रंगाचे लेपन झाले असेल तर भाव ठरवण्याआधी थोडे खरवडून दाखवायला सांगावे. नकार मिळाला तर तेच उत्तर समजावे.

गंजाची बाब केवळ गॅरेजपुरती राहत नाही, ती परिवहन कार्यालयापर्यंत जाते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या गाडीत बॉडी हीच चेसिस आहे, तिथे कारागिराने वेल्डिंग करताना ढाचा बदलला तर हा दर्जाच अडचणीत येतो. जसाच्या तसा नवा पत्रा बसवणारा जुना कारागीर म्हणूनच मोलाचा.

हा दर्जा घेतला की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. विक्री झाली तर दोघांनीही ९० दिवसांत कळवायचे. बोरिवलीला रोज जाण्याचे स्वप्न असेल तर ते आधीच बाजूला ठेवावे.

चालवताना आणखी एक अडचण पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन मिळते. साठच्या दशकातल्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली वायसरे त्यासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात किंवा चिरतात. गाडी उभी राहिली की इंधन पाणीही शोषते. नळ्या बदललेल्या आहेत का, याची पावती मागावी.

राहिले कागद. पन्नाशीच्या दशकानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने होती. त्यामुळे त्या काळातल्या बऱ्याच गाड्या वकिलातींकडून येऊन पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या. तो जुना कागद असेल तर गाडीचा पूर्वेतिहास हाती लागतो. शिवाय मालकाने शुल्क भरल्यास इंग्लंडमधील जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट प्रमाणपत्र देते. त्यात चेसिस व इंजिनाचे क्रमांक, मूळ रंग आणि कारखान्यातून निघाल्याची तारीख असते. हे क्रमांक बॉनेट उघडून प्रत्यक्ष गाडीवर पाहावेत आणि मग आरसी बुकाशी ताडावेत. इंजिन बदललेले असले तर इथेच कळते.

अशा जाहिराती दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, उन्हात चमकणाऱ्या फोटोंसह येतात. जमल्यास गाडी ऑगस्टमध्ये पाहावी, सलग चार दिवस पाऊस पडून गेल्यावर, आणि सर्वांत आधी चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलून खाली हात लावावा.