गर्भपातबंदी आणि अमेरिकेचे धर्मवादी उमेदवार

अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी हवी तर गर्भपाताला विरोध करावाच लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मिलवॉकीतील वादचर्चेत माइक पेन्स यांनी पंधरा आठवड्यांनंतर देशभर बंदी मागितली. सिनेटमध्ये त्यासाठी साठ मते आहेत कुठे, असे निकी हेलींनी सुनावले. डिसँटिस यांनी फ्लोरिडात सहा आठवड्यांच्या बंदीवर आधीच सही केली होती. (तोवर कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळतही नाही!)

ट्रम्प चर्चेला आलेच नाहीत. त्यांचे काम झाले होते. त्यांनी नेमलेल्या तीन न्यायमूर्तींच्या बळावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल मोडीत काढला. वकील म्हणून आम्ही सांगतो, संसदेच्या कायद्याविना केवळ निकालावर उभा असलेला हक्क न्यायमूर्ती बदलले की जातो. उमेदवाराच्या भाषणापेक्षा तो न्यायपीठावर कोणाला बसवणार, हे पाहावे.

गरीब स्त्रीचा हक्क तर १९७६ सालीच कापला गेला. हाइड दुरुस्तीने गरिबांच्या मेडिकेड योजनेतील केंद्राचा पैसा गर्भपातासाठी जवळपास बंद केला. झळ कृष्णवर्णीय स्त्रियांना अधिक बसली. पैसेवाली बाई दुसऱ्या राज्यात जाऊ शकते, मोलकरीण कुठे जाणार? गरीब स्त्रीचे हे दुखणे ओळखूनच बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणवला होता. तो फेटाळला गेला.

ऑगस्ट २०२२ मध्ये रिपब्लिकनांच्या कॅन्ससमध्येच मतदारांनी गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढू दिले नाही. तेव्हा २०२४ ला ट्रम्प म्हणू लागले, राज्यांनी ठरवावे. आणि निवडून आले!