भंडाऱ्याचा समुद्र

भंडाऱ्याच्या माणसाला समुद्राला जायचं म्हटलं की मुंबई आठवते, फार तर कोकण किंवा गोवा. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. मुंबईचा किनारा भंडाऱ्यापासून सरळ रेषेत सातशे किलोमीटरहून दूर आहे आणि आंध्रातलं काकीनाडा साडेपाचशेच्या आसपास. आपला जवळचा समुद्र बंगालचा उपसागर. आपण तिकडे जात नाही, पण आपलं पाणी रोज जातं. तुमसरच्या खाणपट्ट्यात, साकोलीच्या तलावांत, लाखांदूरच्या बांध्यांमध्ये पडलेला जो पाऊस जमिनीत मुरत नाही किंवा वाफ होऊन उडून जात नाही, तो वैनगंगेला मिळतो. तिथून त्याचा प्रवास सुरू होतो तो थेट नारळाच्या बनांपर्यंत, गोदावरीच्या मुखाशी असलेल्या कोनसीमेपर्यंत.

दक्षिणेच्या किनाऱ्याची सफर म्हणजे केरळ, असं आपल्याकडे ठरूनच गेलं आहे. कालवे, होड्या, माडांची सावली, भाताची हिरवी खाचरं. हे सगळं गोदावरीच्या मुखाशी आहे, आणि त्या भूमीत आपल्या जिल्ह्याची मातीही आहे. म्हणून मला वाटतं, भंडारेकरानं किनाऱ्याची वाट धरावी ती वैनगंगेच्या मागोमाग.

वैनगंगा मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते. आधी उत्तरेकडे मोठा वळसा घेते, मग जणू विचार बदलून दक्षिणेला वळते. बालाघाट, गोंदिया करत ती भंडाऱ्यात येते. बावनथडी, सूर, कन्हान, चुलबंद तिला मिळत जातात. पवनीला तिचे घाट आहेत. तिथल्या टेकड्यांत 1969-70 च्या उत्खननात नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपांचे अवशेष सापडले, म्हणजे या काठाला मोठी वस्ती आणि मोठी श्रद्धा फार पूर्वीपासून होती. पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, नाव पडतं प्राणहिता. सिरोंच्यासमोर कालेश्वरमला प्राणहिता गोदावरीत शिरते.

या संगमाशी थोडं थांबायला हवं. नाशिकजवळून निघालेली गोदावरी मराठवाडा आणि तेलंगणातून जागोजागी धरणांत अडत इथवर येते. प्राणहिता येते ती सातपुड्यापासून यवतमाळपर्यंतचं पाणी घेऊन. गोदावरीच्या सबंध खोऱ्याच्या क्षेत्रफळाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या प्राणहितेचा आहे. नाव गोदावरीचं राहतं, पण इथून पुढे वाहणाऱ्या पाण्यात मोठा हिस्सा आपल्याकडचा असतो. दक्षिणेतली ती समुद्रासारखी रुंद गोदावरी बऱ्याच अंशी विदर्भाचा पाऊस आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा नकाशा पाहत बसलो होतो.

पण नदी बंगालच्या उपसागराकडेच का वळली? याचं उत्तर जमिनीखाली आहे. चंद्रपूरपासून आग्नेयेकडे, सिरोंच्यावरून थेट आंध्रापर्यंत पृथ्वीच्या कवचाचा एक लांबलचक पट्टा कोट्यवधी वर्षांपूर्वी खचला. हिंदुस्थान, आफ्रिका, अंटार्क्टिका एकाच महाखंडाचे भाग होते तेव्हाची ही गोष्ट. त्या खचदरीत गाळ साचला, जंगलं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूरच्या आणि तेलंगणातल्या सिंगरेणीच्या खाणी त्याच पट्ट्यातल्या. याच खोऱ्यात 'बारापासॉरस' या प्रचंड डायनोसॉरची हाडं सापडली. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे आणि रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ त्याच्या नावात 'टागोरी' जोडलेलं आहे. प्राणहिता आणि गोदावरी आजही त्याच दरीच्या उताराने चालतात. डायनोसॉर येण्याच्याही आधी आखली गेलेली वाट आपलं पाणी अजून सोडत नाही.

आणि उतार तरी केवढा? भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरही उंच नाही. नदीच्या वळणांनी मोजलं तर समुद्र आठशे किलोमीटरहून लांब. म्हणजे एका किलोमीटरला सरासरी उतार जेमतेम फूटभर. एवढ्याशा कलावर पाणी पूर्व घाट कापून पलीकडे जातं! भद्राचलमच्या पुढे पापिकोंडलूच्या डोंगरांत गोदावरी दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये दबून वाहते. राजमहेंद्रीकडून बोटीनं वर गेलं की कळतं, की पाण्याला उंची लागत नाही, वेळ लागतो.

पावसाळ्यात हा नातेसंबंध आकड्यांत दिसतो. भद्राचलमला नदीची पातळी फुटांत मोजतात. 43, 48 आणि 53 फुटांना पहिला, दुसरा, तिसरा इशारा. जुलै 2022 मध्ये पातळी 71 फुटांच्या वर गेली. ऑगस्ट 1986 मधल्या साडेपंचाहत्तर फुटांनंतरची ती सर्वांत मोठी. त्याच जुलैत गडचिरोलीत प्राणहितेनं गावंच्या गावं वेढली होती. खाली कोनसीमेत नदीतल्या बेटांवरच्या वस्त्या पाण्यात गेल्या. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत. ते उघडल्याची बातमी आपण ऐकतो आणि विसरतो. काही दिवसांनी त्या पाण्याची बातमी तेलुगू वर्तमानपत्रांत असते.

राजमहेंद्रीच्या खाली दवलेश्वरमला नदीला फाटे फुटतात, गौतमी आणि वसिष्ठा. इथेच आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानं 1847 ते 1852 या काळात बांध घातला. त्याआधी हा सुपीक प्रदेश पुरात बुडायचा आणि दुष्काळात मरायचा. बांधानं पाणी कालव्यांत चढवलं आणि मुलूख पालटला. आज गोदावरीच्या दोन्ही तीरांवर गावोगावी कॉटनचे पुतळे दिसतात, त्यांना हार घातले जातात. परक्या सत्तेच्या एका चाकराला इतकी माया मिळावी, यावरून पाण्याची किंमत कळते. जुन्या बांधाच्या जागी आता 1970 नंतर बांधलेला बॅरेज आहे.

गौतमी आणि वसिष्ठेच्या मधला त्रिकोण म्हणजे कोनसीमा. अमलापुरमकडे जाताना रस्त्याला लागून कालवा, कालव्याला लागून माड, माडांच्या पलीकडे धान. भंडाऱ्याच्या माणसाला इथे परकं वाटत नाही ते धानामुळे. आपल्याकडे आषाढात पऱ्हे उपटून बायका ओळीनं वाकून रोवणी करतात, तशीच रोवणी इथे. आपल्या बांध्या मामा तलावांवर, बोड्यांवर आणि पावसावर जगतात. इथे कालव्याच्या पाण्यावर दुसरं पीकही सहज निघतं, त्याला 'दाळवा' म्हणतात. आपल्या चिन्नोरचा सुवास त्यांच्या तांदळाला नाही, हे मी अभिमानानं सांगतो. पण तांदळाचं त्यांनी जे करून दाखवलं आहे ते आपल्याला जमलेलं नाही.

आत्रेयपुरमची पूतरेकुलू पाहा. चुलीवर मडकं पालथं ठेवलेलं असतं, आतून जाळ. तांदळाच्या पाण्यासारख्या पातळ पिठात फडकं बुडवून बाई ते मडक्याच्या तापलेल्या पाठीवरून एकदाच ओढते. फडकं पुढे सरकेपर्यंत मागे पापुद्रा तयार! तो इतका पातळ, की धरला तर पलीकडची बोटं दिसतात. अशा पापुद्र्यांवर तूप लावायचं, साखर किंवा गूळ भुरभुरायचा आणि घडी घालायची. तोंडात ठेवलं की चावायच्या आत विरघळतं. फुंकर लागली तरी पापुद्रा फाटतो, म्हणून चुलीपाशी पंखा नसतो आणि बाया त्या धगीत तासन् तास बसतात.

पावसाळ्यात या भागात दुसरीच धांदल असते. पुराचं लाल पाणी समुद्रात शिरलं की समुद्रातला हिलसा मासा अंडी घालायला नदीत चढतो. नदीत आलेल्या या माशाला पुलसा म्हणतात. चिंचेच्या कोळात, भेंडी घालून, मातीच्या भांड्यात तो शिजवतात. एका माशाला हजारो रुपये मोजले जातात. मंगळसूत्र विकावं लागलं तरी पुलसा खावा, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. हे लाल पाणी वैनगंगेचं, तसंच गोदावरीला मिळणाऱ्या इंद्रावतीचं, शबरीचं. आपल्याकडे पाऊस लागतो आणि तिथे समुद्रातला मासा घर सोडून निघतो, याहून अद्भुत मला काही ठाऊक नाही.

उलट वाटेनं जाणारा प्रवासी म्हणजे झिंगा. गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याची पिल्लं गोड्या पाण्यात वाढू शकत नाहीत, त्यांना खाडीचं मचूळ पाणी लागतं. म्हणून अंड्यांतून निघालेली पिल्लं पुराबरोबर खाली जातात आणि जरा मोठी झाली की प्रवाहाविरुद्ध काठाकाठानं वर चढतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतपर्यंत हे झिंगे सापडत आले आहेत. वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या जाळ्यात झिंगा येणं हा या चढणीचा शेवटचा मुक्काम होता. आता वाटेत भिंती आहेत. दवलेश्वरमचा बॅरेज, कालेश्वरमजवळचा मेडीगड्डा, आपला गोसीखुर्द. गोदावरीवरच्याच पोलवरम धरणाच्या सांडव्यात माशांसाठी मुद्दाम शिडी ठेवली आहे. असा विचार करता येतो, हे तिथे दिसतं. वैनगंगेवर तो आधी व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा प्रवासी रेती. वैनगंगेची रेती आपल्याकडे घरं बांधते. जी पुढे जाते ती समुद्र मागे ढकलते. गेल्या सुमारे सहा हजार वर्षांत नद्यांनी आणलेल्या गाळानंच कोनसीमेची भूमी तयार झाली. शेतांमधून किनाऱ्याला समांतर रेतीचे उंचवटे जातात, ते जुने समुद्रकिनारे. गावं आणि माड त्या उंचवट्यांवर, धान मधल्या सखल पट्ट्यांत. हे काम अलीकडेही चालू होतं. काकीनाड्यासमोरचं होप आयलंड हे रेतीचं लांब बेट गेल्या दोनेकशे वर्षांत गोदावरीच्या गाळातून वर आलं. त्याच्या आडोशानं काकीनाड्याचं बंदर लाटांपासून वाचतं आणि त्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पण धरणांत गाळ अडू लागल्यापासून समुद्राशी होणाऱ्या या झटापटीत नदीची बाजू कमी पडते आहे. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडाचा किनारा लाटा खात चालल्या आहेत. तिथे रस्ता वाचवायला दगडांच्या राशी टाकाव्या लागतात आणि वादळात समुद्र त्याही ओलांडतो.