बोकितो हसत नव्हता

मे 2007. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात बोकितो नावाचा 11 वर्षांचा गोरिला पाण्याचा खंदक ओलांडून थेट गर्दीत घुसला. त्याने एका बाईंना फरपटत नेलं, शंभरहून जास्त ठिकाणी चावे घेतले, हाडं मोडली. मग तो उपाहारगृहात शिरला आणि तिथेच त्याला भूल देऊन आवरण्यात आलं.

या बाई त्याच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. आठवड्यातून अनेकदा यायच्या, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून हसायच्या. तोही आपल्याकडे बघून हसतो, अशी त्यांची खात्री होती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी, असं टक लावून बघू नका, म्हणून बजावूनही झालं होतं.

गोरिलाच्या लेखी रोखून बघणं म्हणजे आव्हान. त्यात माणसाच्या बुबुळाभोवती ठळक पांढरा भाग, त्यामुळे आपली नजर नेमकी कुठे लागली आहे हे लांबूनही कळतं. आपण मायेने बघतो आणि वर दातही दाखवतो. हे त्याने प्रेम समजावं, अशी अपेक्षा मात्र जरा जास्तच झाली. बोकितोला जन्मानंतर बर्लिनमध्ये माणसांनीच वाढवलं होतं. मला वाटतं, म्हणूनच त्याला माणूस परका वाटत नसावा. परक्याकडे दुर्लक्ष करता येतं, आव्हान देणाऱ्या आपल्यातल्याकडे नाही.

जंगलातला गोरिला सहसा एकदम तुटून पडत नाही. रुपेरी पाठीचा नर आधी ओठ घट्ट मिटतो, अंग ताठ करून तिरका चालतो, पाला ओरबाडतो, छाती बडवतो. मग धाव घेतो आणि बहुतेक वेळा अगदी जवळ येऊन थांबतो. हा सगळा देखावा समोरच्याने माघार घ्यावी म्हणून. रवांडा-युगांडात गोरिला बघायला जाणाऱ्यांना वाटाडे हेच पढवतात: पळू नका, खाली बसा, नजर जमिनीकडे ठेवा. गोरिलांचा अभ्यास करणारी डायन फॉसी तर त्यांच्यासारखी पाला चघळायची, हातांची मुडपलेली बोटं टेकवत चालायची. तेव्हा कुठे कळपांनी तिला जवळ येऊ दिलं.

रॉटरडॅमच्या घटनेनंतर एका विमा कंपनीने पुठ्ठ्याचे चष्मे वाटले. त्यांवर बाजूला बघणारे डोळे छापलेले होते, म्हणजे चष्मा लावून खुशाल गोरिलाकडे बघा. बोकितो 2023 पर्यंत तिथेच जगला, त्याला पिल्लंही झाली. त्या बाई बऱ्या झाल्या. तो अजूनही आपला लाडकाच आहे, असं त्यांनी रुग्णालयातून वर्तमानपत्राला सांगितलं होतं.