क्रोमियमचा मुलामा

न्हाणीघरांतील तोटी किंवा सायकलचें हँडल ज्या धातूमुळें आरशासारखें झळकतें, तो धातु त्या वस्तूवर असतो तरी किती? शोभेच्या कामांत क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहून जाड नसतो. आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या झिरझिरीत पडद्यानें गंज कसा थोपावा? तो मुख्यतः थोपवितो खालचा निकेलचा थर. वस्तूवर आधीं निकेल चढवितात, आणि तें क्रोमियमच्या कित्येक पट जाड असतें. पण एकटें निकेल हवेंत पिवळसर व मंद पडतें. क्रोमियमचें तसें होत नाहीं. प्राणवायूशीं संयोग होऊन त्याच्यावर तत्काळ एक अदृश्य पापुद्रा धरतो व तोच पुढील संयोगास अडवितो. नव्या हँडलवर लवकरच तांबेरा दिसूं लागला, तर निकेलांत कसर झाली असावी असें खुशाल समजावें. संडास धुण्याचें अ‍ॅसिड मात्र अशा वस्तूंस लावूं नये. त्यांत बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतें, आणि त्यांत क्रोमियम विरघळतें.

हा धातु १७९७ सालीं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोक्लँ यांना सायबेरियांतील शिशाच्या तांबड्या खनिजांत सांपडला. त्याच्या क्षारांचे नाना रंग पाहून ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. त्याचा मुलामा व्यापारी प्रमाणावर देतां येण्यास मात्र विसाव्या शतकाचें तिसरें दशक उजाडावें लागलें. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाचे कॉलिन फिंक यांचें काम त्यांत महत्त्वाचें होतें.

कृति ऐकण्यास सोपी आहे. क्रोमिक अ‍ॅसिडच्या द्रावणांत त्याच्या सुमारें शंभरावा हिस्सा सल्फ्यूरिक अ‍ॅसिड घालावयाचें, वस्तु ऋण टोंकास लावावयाची आणि धन टोंकास शिशाचा पत्रा. हा पत्रा झिजून मुलाम्यास धातु पुरवीत नाहीं. सारें क्रोमियम द्रावणांतूनच येतें. विजेचा फार मोठा भाग मात्र हायड्रोजन वायु निर्माण करण्यांतच खर्च होतो.

नुसती वीज वाया जाती तर गोष्ट हिशेबाची होती. पण त्या वायूचे बुडबुडे फुटतांना द्रावणाचे सूक्ष्म तुषार हवेंत उडतात, आणि टांकीपाशीं उभा असलेला कामगार ते श्वासावाटे ओढतो. त्यांतील षट्‌संयुजी क्रोमियमनें नाकांत व्रण होतात, नाकाच्या मधल्या पडद्यास भोंकही पडतें. फुप्फुसाच्या कर्करोगाचें तें कारण असल्याचें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९० मध्यें निश्चित केलें. तयार तोटीवरील क्रोमियम ही निव्वळ धातु. ती वापरणाऱ्यास या विषाचें भय नाहीं.

टांकीच्या कडेला हवा ओढून घेणारे पंखे बसविणें, पृष्ठभागीं फेंस आणणारीं द्रव्यें टाकणें, हे उपाय आहेतच. यंत्रांच्या दट्ट्यांवर व रुळांवर झीज टाळण्यासाठीं जो जाड, कठीण थर देतात, त्या कामीं जुन्या द्रावणाची जागा घेणें अजून अवघड आहे. शोभेच्या कामीं मात्र कमी विषारी असें त्रिसंयुजी क्रोमियमचें द्रावण चांगलें चालतें. त्याची झांक थोडी निराळी येते; पण दोन तोट्या शेजारीं-शेजारीं ठेवल्याखेरीज ती घरांत कुणाच्या लक्षांत येईल असें मला वाटत नाहीं.