संकेतस्थळाची रोजकीर्द : आपली पाने कोण वाचते, ते कसे मोजावे



मंडळाच्या जुन्या स्मरणिका स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवण्याचे काम पुढे चालवायचे की थांबवायचे, हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. "कोणी पाहतच नाही, मग खर्च कशाला?" असा एक सूर आहे. त्याला पुरावा म्हणून पानांना जोडलेल्या गूगल अ‍ॅनालिटिक्सचा आकडा दाखवला जातो. आकडा खोटा नाही, पण तो स्मरणिका वाचणाऱ्यांचा नाही. तो नेमका कशाचा आहे आणि वाचकांचा हिशेब कुठे मिळतो, हे सभेआधी सर्वांना माहीत असावे म्हणून हा लेख. संगणकाचे शिक्षण नसले तरी चालेल, जमाखर्चाची समज पुरे.

आपले संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे, तो सर्व्हर एक वही लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. जगातून कुणीही काहीही मागितले, पान, फोटो, पीडीएफ, की एक ओळ पडते. ओळीत असते काय? मागणाऱ्याचा आयपी पत्ता, तारीख-वेळ, काय मागितले, मिळाले की नाही याचा तीन आकडी शेरा (२०० म्हणजे दिले, ४०४ म्हणजे अशी वस्तू इथे नाही), किती बाइट गेले, कुठल्या पानावरून आला आणि कोणता ब्राउझर वापरला. आमच्या भाषेत ही रोजकीर्द. जसजसा व्यवहार झाला तसतसा क्रमाने लिहिलेला, खाती न पाडलेला. लॉग वाचणारे सॉफ्टवेअर त्यावरून खतावणी घालते : कोणते पान किती वेळा, कोणत्या दिवशी किती, कुठून किती.

गूगल अ‍ॅनालिटिक्सचे तंत्र वेगळे. त्यात प्रत्येक पानात एक छोटी स्क्रिप्ट टाकलेली असते. वाचकाच्या मोबाईलवर पान उघडले की ती स्क्रिप्ट गूगलला निरोप पाठवते. निरोप गेला तर नोंद, नाही गेला तर वाचक आलाच नाही. आता आपल्या स्मरणिका कशा वाचल्या जातात ते पाहा. त्या पीडीएफ आहेत. पीडीएफमध्ये ती स्क्रिप्ट नसते. कुणी आपल्या पानावर येऊन पीडीएफच्या दुव्यावर बोट ठेवले, तर निदान ते बोट मोजले जाते. पण बडी चावडीतल्या काकूंनी पीडीएफचा थेट दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याच्या भाचीला पाठवला आणि तिने तो उघडून आजोबांचा लेख वाचला, तर गूगलच्या वहीत काहीच लिहिले जात नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र ओळ पडते. आपल्यात बहुतेक देवाणघेवाण याच मार्गाने चालते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून माझे स्पष्ट मत : आपल्यासारख्या मंडळाने मुख्य हिशेब लॉगवरून ठेवावा. स्क्रिप्टचा आकडा हवा तर जोडीला असू द्यावा.

लॉगची बाजू घेताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष म्हणजे फुगवटा. वीस फोटोंचे गणेशोत्सवाचे पान एकाने उघडले तरी वहीत एकवीसहून अधिक ओळी पडतात. या ओळींना 'हिट' म्हणतात, आणि कुणी हिटचे आकडे अभिमानाने सांगू लागले तर नम्रपणे विषय बदलावा. पीडीएफचेही तसेच. मोठी फाइल ब्राउझर कधी कधी तुकड्यातुकड्यांनी मागतो, प्रत्येक तुकड्याला २०६ असा शेरा पडतो, आणि एकाच वाचनाच्या अनेक ओळी होतात. चांगले सॉफ्टवेअर २०६ वेगळे दाखवते. दाखवत नसेल तर स्मरणिकांचा आकडा आपल्या बाजूने फुगेल, आणि तो तसा फुगवून सभेपुढे ठेवणे बरोबर नाही.

दुसरा दोष बॉटांचा. गूगल, बिंग आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या आपली यंत्रे रात्रंदिवस पाने गोळा करायला पाठवतात. त्यांच्याही ओळी पडतात. प्रामाणिक बॉट ब्राउझरच्या रकान्यात आपले नाव लिहितात, त्यामुळे त्यांना वगळता येते. काही मात्र माणसाचा मुखवटा घालून येतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या कुठल्याही लेखाची वाचने विकिमीडियाच्या पानदृश्यांच्या साधनात कुणालाही पाहता येतात, जुलै २०१५ पासूनची. तिथे 'वापरकर्ता', 'स्पायडर' आणि 'स्वयंचलित' असे रकाने वेगळे निवडता येतात. 'हैदराबाद' हा लेख काढून रकाने बदलून पाहा. एवढ्या मोठ्या संस्थेलाही माणूस आणि यंत्र वेगळे करावे लागतात, तिथे आपली काय कथा.

व्हॉट्सअ‍ॅपची एक गंमत इथेच सांगतो. आपण दुवा पाठवताना खाली चित्र आणि शीर्षक दिसते ना, ते आणण्यासाठी पाठवणाऱ्याचा फोन सर्व्हरकडे मागणी करतो, आणि लॉगमध्ये ब्राउझरच्या जागी 'व्हॉट्सअ‍ॅप' लिहिले जाते. ती ओळ वाचनाची नाही, दुवा पुढे पाठवल्याची आहे. वाचकांत ती धरू नये, पण फेकूनही देऊ नये. आपला कोणता लेख लोकांना पुढे पाठवावासा वाटतो, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

मग माणसे किती? प्रामाणिक उत्तर असे की लॉगमधून माणसे मोजता येत नाहीत, अंदाज बांधता येतो. मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागून बाहेर पाठवतात, त्यामुळे एकाच मॉडेलचे फोन असलेले चार सभासद एक वाटू शकतात. उलट घरचे वायफाय सोडून रस्त्यावर आलेला एकच सभासद दोन दिसतो. 'भेट' म्हणजे काय, यावरही एकमत नाही. वेबलायझर ३० मिनिटे शांतता झाली की पुढची मागणी नवी भेट धरतो, एडब्ल्यूस्टॅट्स तासभर थांबतो. गोअ‍ॅक्सेस एक दिवस, एक पत्ता, एक ब्राउझर मिळून एक पाहुणा मोजतो. एकाच रोजकीर्दीवरून तीन वेगळ्या बेरजा निघतात आणि तिन्ही आपापल्या नियमाने बरोबर असतात. सुलतान बाजार मेट्रो स्थानकाच्या गेटावर किती कार्डे टेकली हे यंत्र चोख सांगते. त्यातले किती जण साडी घेऊन गेले, ते त्याला विचारू नये. आपण एक सॉफ्टवेअर धरावे आणि या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या त्याच सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडावा. दोन सॉफ्टवेअरचे आकडे एका तक्त्यात मांडणे म्हणजे रोख आणि उधारी एकाच रकान्यात लिहिणे.

आता निवडीविषयी. एडब्ल्यूस्टॅट्स हे २००० सालापासूनचे, मोफत, आणि सीपॅनेल असलेल्या बहुतेक होस्टिंगमध्ये आधीपासून बसवलेले असते. दिसायला जुनाट आहे, पण ओळखीचे बॉट ते वेगळे काढते आणि उतरवलेल्या फाइलींचा तक्ता देते, जो आपल्याला नेमका हवा आहे. शेजारी वेबलायझरही दिसेल. तो बॉट नीट वेगळे करत नाही, सोडून द्यावा. गोअ‍ॅक्सेस फार वेगवान आहे आणि त्याचा अहवाल देखणा असतो, पण तो आज्ञा टाइप करून चालवावा लागतो. घरातल्या इंजिनीअर मुलामुलींना जमेल, कार्यालयात बसणाऱ्या आपल्यापैकी कुणाला रोज जमेल असे वाटत नाही. शिवाय मुळात तो बॉटांनाही पाहुण्यांत मोजतो, वगळायला वेगळे सांगावे लागते. माटोमो, पूर्वीचे पिविक, सर्वांत सविस्तर. स्क्रिप्टने मोजते, लॉगही वाचते आणि माहिती आपल्याच सर्व्हरवर राहते. पण त्याला डेटाबेस लागतो आणि वरचेवर अद्ययावत करणारा माणूस लागतो. आपल्याकडे असा माणूस दरवर्षी मिळेलच याची खात्री कोण देणार? मी एडब्ल्यूस्टॅट्स सुचवतो.

वही आपल्या ताब्यात असणे किती महत्त्वाचे, याचे ताजे उदाहरण आहे. गूगलने आपले जुने अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ रोजी बंद करून नवी आवृत्ती आणली आणि वर्षभराने जुन्या हिशेबाचे दारही लावले. ज्यांनी तो वेळेत उतरवून घेतला नाही, त्यांचा गेला. लॉगही आपोआप टिकत नाही. अनेक होस्टिंगवर मागच्या महिन्याचा लॉग पुसला जातो. सीपॅनेलमध्ये 'रॉ अ‍ॅक्सेस' नावाच्या पानावर लॉग जपून ठेवण्याची खूण करता येते. ती करावी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला फाइल उतरवून ठेवावी.

मराठी संकेतस्थळाला आणखी एक अडचण येते. पानाचा किंवा फाइलीचा पत्ता देवनागरीत ठेवला, तर लॉगमध्ये तो देवनागरीत उतरत नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याची खूण आणि दोन अक्षरे. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे लॉगमध्ये पंचेचाळीस अक्षरांची माळ. अहवालात अशा माळा आल्या की कोणती स्मरणिका वाचली गेली ते कळेनासे होते. पानावरचे शीर्षक मराठीच असावे, पण पीडीएफच्या फाइलीचे नाव रोमन अक्षरांत आणि वर्षासह ठेवावे.

वेळही तपासावी. लॉगच्या वेळेपुढे +०५३० असेल तर ती भारतीय वेळ. +०००० असेल तर आपली संध्याकाळची सात म्हणजे वहीत दुपारची दीड.

गोपनीयतेबद्दल बँकेतल्या सवयीने थोडे कडक बोलतो. आयपी पत्ता ही माणसापर्यंत पोचवणारी माहिती आहे. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या नियमात ती वैयक्तिक माहितीत मोडते, आणि आपल्याकडेही २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे. वधू-वर सूचीचे पान कोणी किती वेळा उघडले, हे पत्त्यासह दोघांपलीकडे कुणालाही दिसता कामा नये. सभेपुढे फक्त बेरजा याव्यात. अहवालाचे पानही परवलीच्या शब्दामागे ठेवावे. ते उघडे राहिले तर जाहिरातबाज 'कुठून आला' या रकान्यात मुद्दाम आपले दुवे पेरतात.

सभेसाठी माझी सूचना अशी. गेल्या तीन महिन्यांचे लॉग एडब्ल्यूस्टॅट्समधून काढून, बॉट वगळून, पीडीएफच्या तुकड्यांच्या ओळी बाजूला करून स्मरणिकावार तक्ता मांडावा. सोबत ४०४ ची यादीही ठेवावी. लोकांनी मागितलेली आणि आपल्याकडे न सापडलेली पाने तिच्यात असतात. कुठला जुना दुवा तुटला आहे आणि कोणता अंक लोक अजून शोधत आहेत, ते तिथे दिसेल. गूगलवर कोणते शब्द टाकून लोक आले हे मात्र लॉगमध्ये मिळणार नाही. २०११ पासून गूगलने ते झाकायला सुरुवात केली, आता त्यासाठी सर्च कन्सोल पाहावे लागते. आणि ज्यांना घरच्यांनी पाने छापून दिली, अशा ज्येष्ठांचे वाचन कुठल्याच वहीत नाही. त्यांची नावे कार्यालयातल्या नोंदवहीत घरच्यांनी सभेपूर्वी लिहून द्यावीत, म्हणजे तक्त्याखाली तीही संख्या वेगळी दाखवता येईल.