चार हजार टनांचा भाव अर्ध्या ग्रॅमवर

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गला ‘मॉयल’ या कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे. काळ्या दगडाचं वजन हाताला कळतं, भाव मात्र टक्क्यांवर ठरतो. पोलादासाठी माल जायचा तर मँगनीज किती, सिलिका किती, फॉस्फरस किती हे आधी पाहतात. ड्राय बॅटरीवाल्याला मँगनीज डायऑक्साइडचं प्रमाण हवं असतं. मँगनीज डायऑक्साइड अगदी शुद्ध असला तरी त्यात मँगनीज ६३ टक्क्यांच्या आसपासच. उरलेला सगळा ऑक्सिजन.

मालगाडीचा एक रेक ४,००० टनांचा धरू. प्रयोगशाळेत आम्लात विरघळवायला भुकटी लागते साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे ८०० कोटींतला एक भाग. जगाची लोकसंख्याही तेवढीच आहे. एका माणसाची नाडी धरून साऱ्या जगाची प्रकृती सांगण्यातला हा प्रकार!

नमुना काढण्याची जुनी रीत अशी : दगड फोडायचा, ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन काढून टाकायचे. मग उरलेला माल आणखी बारीक करून पुन्हा तेच. अख्खा रेक असा निम्मा निम्मा करत गेलो, तर ३३ वेळांत अर्ध्या ग्रॅमवर येतो. फक्त ३३!

फोडणं टाळता येत नाही. तेवढ्याच अचूकतेसाठी लागणारा नमुना कणाच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो, असं फ्रेंच तज्ज्ञ पिएर गी यांचं सूत्र सांगतं. कण हजारपट मोठा झाला, तर नमुना अब्जपट. ०.१ मिलिमीटरच्या भुकटीचा अर्धा ग्रॅम जे सांगतो, ते १०० मिलिमीटरच्या ढेकळांकडून कळायला ५०० टन हवेत. प्रत्यक्षात खनिज दगडात मिसळलेलं असल्यामुळे हा आकडा बराच खाली येतो. तरी धडकी भरायची ती भरतेच.

माल ४६ टक्क्यांचा असेल, तर त्या अर्ध्या ग्रॅमच्या चिमटीत मँगनीजचे अणू सुमारे अडीच कोटी कोटी कोटी, म्हणजे जगातल्या प्रत्येकाच्या वाट्याला ३१ हजार कोटी. अणू मोजायला रसायनशास्त्र पुरतं. माझ्या मते खरी मेख चिमूट उचलण्यात आहे. तिथे एका टक्क्याची चूक म्हणजे चंचुपात्रात ५ मिलिग्रॅम, रेकमध्ये ४० टन मँगनीज.

म्हणून खनिजाच्या मोठ्या सौद्यांत नमुन्याची पाकिटं सीलबंद करतात : एक विकणाऱ्याचं, एक घेणाऱ्याचं, एक पंच प्रयोगशाळेसाठी राखलेलं. तिन्ही एकाच ढिगातली. ढीगच चुकीचा भरला असेल, तर तिघंही एकमताने चुकतात.